‘हलके काम’ आणि स्नायूंचे शरीरक्रियाविज्ञान : सोलापुरातील विडी वळणाऱ्या महिलांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

विडी वळणे हे बसून, घरात आणि अवजड यंत्राविना होणारे काम असल्याने ते ‘हलके’ समजले जाते. प्रस्तुत लेखात मानवी स्नायू व सांधे यांची रचना, स्नायूंच्या आकुंचनाची रेणवीय प्रक्रिया आणि गतिमान व स्थिर आकुंचनातील भेद यांचे विवेचन केले आहे. त्या आधारे ‘हलके काम’ ही संज्ञा शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही, असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. स्नायूला शिथिल होण्यासाठीही ऊर्जा आणि अवसर लागतो. ज्या कामात हा अवसर मिळत नाही ते काम, बाह्य बल कितीही अल्प असले तरी, स्नायूच्या दृष्टीने जड ठरते.

बीजसंज्ञा : स्नायू, सांधा, सार्कोमिअर, स्थिर आकुंचन, स्नायूथकवा, विडी कामगार.

१. प्रास्ताविक

सोलापूरची औद्योगिक ओळख चादर, टॉवेल आणि विडी या तीन वस्तूंशी निगडित आहे. कापड गिरण्यांच्या आणि हातमागाच्या ओढीने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष मागावर आणि स्त्री विडीवर ही श्रमविभागणी त्यांतील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. गिरण्यांचा काळ सरला, हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. परंतु विडी मात्र आजही हातानेच वळली जाते. शहरालगत कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांसाठी उभारलेल्या १०,००० घरांचे हस्तांतरण २००६ मध्ये झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी आखलेल्या ३०,००० घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. या वसाहतींचा उल्लेख येथे करण्याचे कारण एवढेच की, विडी कामगार स्त्रीचे घर हेच तिचे कामाचे ठिकाणही असते.

या कामाबद्दल समाजात एक समज रूढ आहे. सावलीत बसायचे, मांडीवर सूप घ्यायचे, बोटे चालवायची. यात कष्ट ते कोणते? घरातील स्वयंपाक, मुलेबाळे सांभाळून होणारे हे काम ‘हलके’ मानले जाते. आणि हलक्या कामाचे दुखणेही हलकेच मानले जाते. मान, खांदा, कंबर आणि मनगट यांची वेदना ‘वयोमानाने’ किंवा ‘बायकांचे दुखणे’ म्हणून बाजूला सारली जाते. हा समज केवळ सामाजिक असता तर त्याचे खंडन समाजशास्त्राकडे सोपविता आले असते. तथापि ‘हलके’ आणि ‘जड’ हे शब्द अंतिमतः स्नायूंविषयीचे विधान करतात. त्यामुळे त्यांची तपासणी स्नायूंच्या विज्ञानानेच करणे उचित होय.

विडीतील तंबाखूमुळे ओढणाऱ्याच्या आणि वळणाऱ्याच्या आरोग्यावर होणारे परिणाम हा स्वतंत्र व गंभीर विषय आहे. प्रस्तुत लेखाची व्याप्ती स्नायू आणि सांधे यांपुरती मर्यादित आहे.

२. संज्ञा आणि रचना

प्रथम संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ५०० पेशी, ९०० स्नायू आणि २१० संधी अशी गणना आढळते. तेथे ‘पेशी’ म्हणजे मांसल भाग आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधून ठेवणारे तंतुमय घटक होत. आधुनिक मराठीत मात्र ‘स्नायू’ हा शब्द आकुंचन पावणाऱ्या मांसल अवयवासाठी आणि ‘पेशी’ हा शब्द सजीवाच्या मूलभूत घटकासाठी स्थिर झाला आहे. प्रस्तुत लेखात हाच आधुनिक अर्थ घेतला आहे.

स्नायूंचे तीन प्रकार सर्वपरिचित आहेत : इच्छेनुसार चालणारे कंकालस्नायू, आतडे व रक्तवाहिन्या यांच्या भित्तिकांतील अनैच्छिक स्नायू आणि हृदयस्नायू. यांपैकी येथे केवळ कंकालस्नायूंचा विचार केला आहे. मानवी शरीरात ते सहाशेहून अधिक असून प्रौढ व्यक्तीच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापतात. प्रत्येक स्नायू स्नायुरज्जूने हाडाला जोडलेला असतो आणि साधारणतः एक किंवा अधिक सांधे ओलांडून दुसऱ्या हाडापर्यंत पोहोचतो. हाडाला हाडाशी बांधणारे ते अस्थिबंध. सांध्यात समोरासमोर येणाऱ्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते, भोवती संपुट असते आणि त्यात वंगणाचे काम करणारा संधिद्रव असतो.

सांध्याचा आकार त्याच्या हालचालीची दिशा ठरवितो. कोपराचा बिजागरीचा सांधा मुख्यतः एका प्रतलात हलतो, तर खांद्याचा उखळीचा सांधा जवळजवळ सर्व दिशांना. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा खोगिराच्या आकाराचा आहे. त्यामुळेच अंगठा उरलेल्या चार बोटांसमोर आणता येतो. सुई धरणे, लेखणी धरणे आणि विडी वळणे या तिन्ही क्रिया या एका सांध्याच्या आधाराने होतात.

स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून सांध्याभोवती स्नायू परस्परविरोधी गटांत रचलेले असतात. दंडाच्या पुढील बाजूचा द्विशिरस्क स्नायू कोपर वाकवितो, मागील बाजूचा त्रिशिरस्क स्नायू ते सरळ करतो. एक आकुंचन पावताना दुसरा सैल होतो. मात्र सांधा एका जागी घट्ट धरून ठेवायचा असेल तर दोन्ही गट एकाच वेळी ताणलेले राहतात. नाजूक, अचूक हस्तकामात नेमके हेच घडते. बोटे हलती राहावीत यासाठी मनगट, कोपर आणि खांदा स्थिर धरावे लागतात.

स्नायू आणि हाडे मिळून तरफ तयार होते. परंतु ही तरफ बहुधा स्नायूच्या तोट्याची असते. द्विशिरस्क स्नायू कोपरापासून साधारण ५ सेंटिमीटर अंतरावर जोडलेला आहे आणि तळहात सुमारे ३५ सेंटिमीटर अंतरावर आहे. कोपर काटकोनात ठेवून तळहातावर १ किलोग्रॅम वजन पेलण्यासाठी, हाताचे स्वतःचे वजन सोडले तरी, कोपर वाकविणाऱ्या स्नायूंना सुमारे ७ किलोग्रॅम वजनाइतका ताण द्यावा लागतो. बलाचा तोटा पत्करून निसर्गाने वेग आणि हालचालीचा पल्ला मिळविला आहे. हेच गणित मानेलाही लागू पडते. प्रौढ माणसाच्या डोक्याचे वजन साधारण ४.५ ते ५ किलोग्रॅम असते. मान ताठ असताना हे वजन बव्हंशी मणक्यांवर तोलले जाते. मान पुढे झुकली की डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूपासून दूर जातो आणि मानेमागील स्नायूंना वजनाच्या कितीतरी पट ताण धरावा लागतो. सुपात पाहत काम करणाऱ्या स्त्रीची मान याच स्थितीत असते.

३. हात : बोटे इथे, स्नायू तिथे

मनगटासह हाताच्या पंजात २७ हाडे असतात. त्यांपैकी मनगटात ८, तळव्यात ५ आणि बोटांत १४. मात्र बोटे मिटविणारे प्रमुख स्नायू बोटांत नसतात. ते कोपराखालील अग्रबाहूत असतात. त्यांचे लांब रज्जू मनगटातून बोटांच्या टोकांकडे जातात. विडी घट्ट वळताना अग्रबाहूवर दुसरा हात ठेवला तर ही हालचाल सहज जाणवते. तळव्यातील लहान स्नायू बोटांना बारकावा देतात, तर अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा चिमटीचे बळ पुरवितो.

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस हाडांची कमान आणि तिच्यावरील जाड अस्थिबंध यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा आहे. त्यातून ९ स्नायुरज्जू आणि मध्यम चेता अशा दहा संरचना जातात. रज्जूंभोवती घर्षण कमी करणारी आवरणे असतात. सतत घर्षण होत राहिल्यास ही आवरणे जाड होतात. जागा मात्र तेवढीच राहते. अशा वेळी दाब सर्वांत मऊ घटकावर, म्हणजे चेतेवर येतो. अंगठा, तर्जनी व मधले बोट यांना येणाऱ्या मुंग्या, रात्री वाढणारी बधिरता आणि हातातून वस्तू निसटणे ही ‘कार्पल टनेल’ या विकाराची लक्षणे होत. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून जाणाऱ्या दोन रज्जूंच्या सामाईक आवरणालाही असाच विकार जडतो. कात्री चालविणाऱ्या आणि चिमटीने काम करणाऱ्या हातांना त्याचा धोका अधिक असतो.

४. आकुंचन कसे घडते ?

स्नायू आखडतो म्हणजे नेमके काय होते, याचे उत्तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिळाले नव्हते. १९४० च्या दशकात हंगेरीतील झेगेड येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिन व मायोसिन या दोन प्रथिनांचे धागे एटीपी या रेणूच्या सान्निध्यात आखडतात, हे दाखविले. १९५४ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी, म्हणजे अँड्र्यू हक्सली व रोल्फ नीडरगेर्के यांनी आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांनी, ‘नेचर’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात सरकत्या तंतूंचा सिद्धांत मांडला. त्यानुसार स्नायूतील तंतू स्वतः आखूड होत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात.

स्नायूचा एक तंतू उकलत गेल्यास त्यात अनेक सूक्ष्मतंतू आणि प्रत्येक सूक्ष्मतंतूत एकापुढे एक मांडलेले सार्कोमिअर नावाचे घटक दिसतात. विश्रांत अवस्थेत एका सार्कोमिअरची लांबी सुमारे २ ते २.५ मायक्रोमीटर असते. म्हणजे एक सेंटिमीटर लांबीत चार हजारांहून अधिक सार्कोमिअर मावतात. प्रत्येक सार्कोमिअरच्या मध्यभागी मायोसिनचे जाड तंतू आणि दोन्ही टोकांकडून आत आलेले ॲक्टिनचे पातळ तंतू असतात. एका जाड तंतूत सुमारे ३०० मायोसिन रेणू असून प्रत्येकाला दोन शीर्षे असतात. मागावर ताणाच्या सुतांमधून बाणाचे सूत सरकते, त्या प्रतिमेची येथे आठवण होणे साहजिक आहे. फरक असा की येथे दोन्ही प्रकारचे तंतू परस्परांना समांतर असतात.

प्रक्रियेचा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. मेंदूकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील प्रेरक चेतापेशीमार्फत स्नायूपर्यंत येतो. चेतेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते आणि स्नायुतंतूच्या पटलावर विद्युत्-लहर पसरते. ही लहर तंतूच्या आत पोहोचताच तेथील जालिकेत साठविलेले कॅल्शियमचे आयन बाहेर पडतात. कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते. त्यामुळे ॲक्टिनवरील आवरणरूप ट्रोपोमायोसिन बाजूला सरते आणि मायोसिनला पकडण्याची जागा मोकळी होते. कॅल्शियमची ही नियंत्रक भूमिका जपानमधील सेत्सुरो एबाशी यांच्या १९६० च्या दशकातील संशोधनाने स्पष्ट झाली. मायोसिनचे शीर्ष ॲक्टिनला पकडते, वाकते आणि त्याला काही नॅनोमीटर ओढते. मग एटीपीचा नवा रेणू शीर्षाला येऊन मिळतो, तेव्हाच पकड सुटते. त्या एटीपीच्या विघटनातून मिळालेल्या ऊर्जेने शीर्ष पुन्हा सज्ज होते आणि पुढची पकड घेते. अब्जावधी शीर्षांच्या अशा पकड-ओढ-सोड या आवर्तनांतून एक बोट वाकते.

५. शिथिलन ही देखील क्रिया आहे

वरील क्रमातील एका टप्प्याकडे अभ्यासक्रमात पुरेसे लक्ष दिले जात नाही. मायोसिनची पकड सुटण्यासाठी एटीपी लागते. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठर होते, त्याचे कारण हेच. एटीपीचा पुरवठा थांबतो, त्यामुळे जुळलेली शीर्षे सुटत नाहीत. याशिवाय आकुंचन थांबविण्यासाठी मोकळे झालेले कॅल्शियम परत जालिकेत भरावे लागते. हे काम करणारे प्रथिनरूप पंपही एटीपीवरच चालतात. म्हणजे शिथिलन हे ऊर्जेवर चालणारे स्वतंत्र कार्य आहे. ‘विश्रांती म्हणजे काहीच न करणे’ हा समज स्नायूच्या पातळीवर खरा नाही.

स्नायूत तयार असलेले एटीपी जोरदार श्रमात काही सेकंदांपुरतेच पुरते. त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट साधारण दहा सेकंदांची गरज भागविते. पुढे ग्लुकोजचे ऑक्सिजनविरहित विघटन आणि अंतिमतः ऑक्सिजनच्या साह्याने होणारी ऊर्जानिर्मिती यांवर स्नायू अवलंबून राहतो. दीर्घकाळ चालणाऱ्या कामात अखेरचा मार्गच महत्त्वाचा. त्यासाठी रक्तपुरवठा अखंड असावा लागतो आणि रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे असावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. स्नायूथकव्याची चर्चा करताना ही वस्तुस्थिती दृष्टिआड करता येणार नाही.

येथे एका प्रचलित समजाची दुरुस्ती करणे योग्य ठरेल. ‘लॅक्टिक आम्ल साचल्याने स्नायू दुखतात’ हे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. लॅक्टेट हे खुद्द इंधन म्हणून वापरले जाते आणि श्रमानंतर साधारण तासाभरात त्याची पातळी पूर्ववत होते; त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे कारण ते असू शकत नाही. तीव्र श्रमातील थकव्यात अकार्बनी फॉस्फेटचा संचय आणि कॅल्शियमच्या मुक्ततेत येणारी घट यांना आज अधिक महत्त्व दिले जाते.

६. गतिमान व स्थिर आकुंचन

आकुंचनाचे तीन प्रकार मानले जातात. घागर उचलताना दंडाचा स्नायू आखूड होतो, ती सावकाश खाली ठेवताना तो ताण धरत लांब होतो, आणि ती कडेवर धरून उभे राहिल्यास त्याची लांबी न बदलता ताण कायम राहतो. हा तिसरा प्रकार म्हणजे स्थिर आकुंचन.

तालमीत बैठका मारणाऱ्या मल्लाचे स्नायू लयीने आखडतात आणि सैल होतात. सैल होताना रक्तवाहिन्या मोकळ्या होऊन ताजे रक्त आत येते. आखडताना शिरांमधील रक्त हृदयाकडे ढकलले जाते. पोटरीच्या स्नायूंना यामुळेच ‘दुसरे हृदय’ म्हटले जाते. स्थिर आकुंचनात ही लय नसते. स्नायूच्या आतील दाब वाढून सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या जातात. म्हणजे गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. ताण कमाल बलाच्या ५० ते ७० टक्क्यांपर्यंत गेला तर अनेक स्नायूंतील रक्तप्रवाह जवळजवळ थांबतो.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर रोमर्ट यांनी १९६० मध्ये असे मांडले की, कमाल बलाच्या सुमारे १५ टक्क्यांखालील स्थिर ताण स्नायू अमर्याद काळ धरू शकतो. अनेक वर्षे हा आकडा ‘सुरक्षित मर्यादा’ म्हणून स्वीकारला गेला. ‘हलके काम’ या कल्पनेला त्यामुळे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. पुढील संशोधनात मात्र याहून बऱ्याच कमी ताणानेही तासाभरात थकवा येतो, असे दिसून आले.

याचे स्पष्टीकरण स्नायूच्या आज्ञाव्यवस्थेत आहे. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या आज्ञेत असलेले स्नायुतंतू मिळून एक प्रेरक एकक बनते. डोळ्याच्या स्नायूत एका एककात मोजके तंतू असतात; पोटरीच्या स्नायूत ते हजाराहून अधिक असू शकतात. एल्वुड हेनेमन यांनी दाखविल्याप्रमाणे ही एकके आकाराच्या क्रमाने कामास लागतात. सर्वांत लहान प्रथम, मोठी नंतर. ताण उतरताना क्रम उलटा असतो. म्हणजे अल्प ताणाच्या कामात तीच ती लहान एकके सुरुवातीपासून शेवटपर्यंत कार्यरत राहतात आणि उरलेला स्नायू जवळजवळ निष्क्रिय असतो. संपूर्ण स्नायूचा सरासरी ताण कमी दिसतो, पण त्यातील काही तंतूंना दिवसभर उसंत मिळत नाही. स्वीडनमधील संशोधक योरान हेग यांनी १९९१ मध्ये या कल्पनेला ‘सिंड्रेला गृहीतक’ असे नाव दिले : घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी निजणारी मुलगी. हे अद्याप गृहीतकच आहे. तथापि त्याला पूरक ठरणारी निरीक्षणे उपलब्ध आहेत. नॉर्वेमध्ये चॉकलेटच्या बांधणीचे काम करणाऱ्या महिलांच्या खांद्यातील ट्रॅपेझियस स्नायूची विद्युत्-नोंद घेतली असता, ज्यांच्या नोंदीत क्षणिक विराम कमी होते त्यांच्यात वेदनेचे प्रमाण अधिक आढळले. ते कामही ‘हलके’च होते.

भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल आणि विस्थापन यांचा गुणाकार. विस्थापन शून्य असेल तर कार्यही शून्य. या व्याख्येने स्थिर धरलेल्या खांद्याने दिवसभरात काहीच काम केलेले नसते. परंतु त्या खांद्यातील मायोसिनची शीर्षे अखंड पकड घेत व सोडत असतात, एटीपी खर्च होत असते आणि ती सर्व ऊर्जा उष्णतेत जाते. ‘हलके काम’ या शब्दप्रयोगात ही भौतिकशास्त्रातील व्याख्या नकळत शरीराला लावली जाते.

७. विडी वळतानाचे शरीर

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू आणि दोरा घरी आणला जातो. पाने भिजवून ठराविक मापात कात्रीने कातरली जातात. पानावर तंबाखू पसरून ते दोन्ही हातांच्या बोटांनी वळले जाते, तोंड मुडपून बंद केले जाते आणि दोऱ्याने बांधले जाते. मजुरी हजार विड्यांच्या मापाने ठरते. आठ तासांत हजार विड्या वळायच्या असतील तर एका विडीला २९ सेकंदांहून कमी वेळ मिळतो; पाने कातरण्याचा वेळ वजा केल्यास त्याहूनही कमी. एका विडीमागे बोटांच्या केवळ दहा हालचाली धरल्या तरी हजार विड्यांमागे त्या दहा हजार होतात.

या कामात शरीराचे दोन भाग पडतात. बोटे, अंगठा आणि अग्रबाहू सतत हलतात. त्यांना पुनरावृत्तीचा धोका आहे. मान, खांदे आणि पाठ मात्र हलत नाहीत. त्यांना स्थिर ताणाचा धोका आहे. पाहणाऱ्याचे लक्ष चपळ बोटांकडे जाते. खांद्यातील आणि मानेतील अखंड ताण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही.

पाठीची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. जमिनीवर मांडी घालून, पुढे वाकून दीर्घकाळ बसल्यास कण्याचा कटिभागातील नैसर्गिक बाक नाहीसा होतो. शरीर पूर्णपणे झुकले की पाठीच्या कण्यालगतचे स्नायू आपले काम जवळजवळ थांबवितात आणि भार अस्थिबंधांवर व मणक्यांमधील चकत्यांवर येतो. ही घटना १९५० च्या दशकात विद्युत्-नोंदीतून सिद्ध झाली आहे. स्नायू शांत असल्याने त्या क्षणी बरे वाटते. परंतु सतत ताणलेले अस्थिबंध हळूहळू लांबतात आणि पूर्ववत व्हायला त्यांना वेळ लागतो. कामावरून उठताना कंबर ‘धरते’ या अनुभवामागील एक कारण हे असू शकते.

यंत्रमागावर उभे राहणाऱ्या कामगाराचे पाय, फळ्यावर लिहिताना प्राध्यापकाचा उंचावलेला हात आणि उत्तरपत्रिका तपासताना झुकलेली मान हीदेखील स्थिर आकुंचनाचीच उदाहरणे होत. फरक असा की, तास संपल्याची घंटा होते आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एक दिवस संपतो.

८. सांध्यांनाही विराम हवा

सांध्यांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. प्रौढ माणसाच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मुख्यतः संधिद्रवातून होते. सांध्यावर भार आला की कूर्चेतील द्रव बाहेर ढकलला जातो आणि भार हटला की पोषकद्रव्यांसह द्रव पुन्हा आत शोषला जातो. मणक्यांमधील चकत्यांच्या आतील भागाचे पोषणही विसरणाने होते. त्यामुळे गुडघा तासन्‌तास पूर्ण दुमडून ठेवणे हे त्याला विश्रांती देणे नव्हे. अधूनमधून चालणे, पाय सरळ करणे ही सांध्याच्या पोषणाची अट आहे.

९. उपाययोजना आणि त्यांची मर्यादा

शरीरक्रियाविज्ञानाच्या आधारे काही साध्या सूचना करता येतील. सूप मांडीऐवजी बुटक्या चौरंगावर ठेवल्यास मान कमी झुकते. भिंतीला किंवा लोडाला पाठ टेकली तर पाठीच्या स्नायूंवरील ताण उतरतो. बैठक दर अर्ध्या तासाने बदलावी. एकदा पाय पसरून, एकदा पाटावर, शक्य तेथे बुटक्या स्टुलावर. कात्री धारदार असावी आणि तिची कडी बोटांना पुरेशी रुंद असावी. पाने कातरणे आणि विड्या वळणे ही कामे आलटूनपालटून केल्यास वेगवेगळ्या स्नायूंना पाळी मिळते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान, परंतु वारंवार विराम. दुपारी एकदाच घेतलेल्या दीर्घ विश्रांतीने सकाळभर न सुटलेल्या पकडीची पुरेशी भरपाई होत नाही.

मात्र या शेवटच्या सूचनेपाशी शरीरविज्ञान अडते. मजुरी नगावर असेल तर प्रत्येक विरामाची किंमत कामगार स्त्री स्वतः चुकती करते. दर तासाला पाच मिनिटांचा विराम म्हणजे आठ तासांत चाळीस मिनिटे. वरील गतीने सुमारे ८३ विड्या. शिवाय ज्या वेळेला आपण तिची विश्रांती समजतो त्या वेळेत ती बहुधा पाणी भरत असते किंवा भाकरी थापत असते. त्यात पाय हलतात, पण खांदे आणि मनगटे पुन्हा कामालाच लागतात. म्हणून ‘विराम घ्या’ हा सल्ला आरोग्यशिक्षणाने देऊन भागत नाही. हजार विड्यांचा दर ठरविताना स्नायूला लागणारा वेळ त्यात मोजला गेला पाहिजे.

याला आंतरराष्ट्रीय पातळीवर आधारही आहे. व्यवसाय आणि विकार यांचा संबंध बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विस्ताराने मांडला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्यांची कारणे म्हणून सतत बसणे, हाताची एकाच दिशेची अखंड हालचाल आणि मनावरील ताण यांचा निर्देश आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित व्यावसायिक रोगसूचीत मनगट व अंगठ्याच्या रज्जुआवरणांचे विकार आणि कार्पल टनेल यांचा समावेश असून त्यांचा संबंध पुनरावृत्त हालचाली, जोर आणि सांध्यांच्या टोकाच्या स्थितींशी जोडला आहे. भारतात विडी कामगारांच्या सेवाशर्तींसाठी १९६६ मध्येच स्वतंत्र कायदा संमत झाला होता. घरी बसून विडी वळणारी स्त्रीही कामगारच आहे, हे त्या कायद्याने मान्य केले. तिच्या खांद्याचे दुखणे हे कामाचे दुखणे आहे, हे मान्य करणे ही त्याच विचाराची पुढची पायरी ठरेल.

१०. समारोप

स्नायू हे आलटूनपालटून आखडण्यासाठी आणि सैल होण्यासाठी घडलेले यंत्र आहे. त्याच्या रेणवीय रचनेत पकडीइतकेच महत्त्व सुटण्याला आहे, आणि सुटण्यासाठीही ऊर्जा, रक्त व वेळ लागतो. म्हणून एखादे काम हलके की जड, हे केवळ उचललेल्या वजनावरून ठरविणे अशास्त्रीय आहे. ताण किती काळ सुटला नाही, हेही मोजावे लागेल. या कसोटीवर विडी वळणे हे हलके काम ठरत नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या वर्गांत विडी कामगारांच्या मुली बसतात. त्यांपैकी अनेकींनी घरी आईला हातभार लावलेला असतो. प्राणिशास्त्राच्या तासाला ॲक्टिन आणि मायोसिन शिकविताना पाठ्यपुस्तकातील धावपटूच्या चित्राबरोबर सुपावर वाकलेल्या खांद्याचे उदाहरण घेतले, तर विषय अधिक स्पष्ट होईल. शरीरशास्त्र, गृहविज्ञान, अर्थशास्त्र आणि समाजकार्य या विभागांनी एकत्र येऊन शहरातील विडी कामगार महिलांच्या स्नायू-सांध्यांच्या विकारांची पद्धतशीर नोंद घेतली, तर मजुरीच्या चर्चेत आज नसलेली मोजमापे उपलब्ध होतील. सोलापुरातील महाविद्यालयांना हे काम आपल्या दाराशीच करता येण्याजोगे आहे.